दोन थेंब सीरम

पेशींच्या खोलीत शिरण्याआधी वाढपीकाका दारात क्षणभर उभे राहत. हात कोपरापर्यंत स्पिरिटने पुसलेले, पांढरा कोट गळ्यापर्यंत बंद, डोक्यावर कागदी टोपी. एखाद्या नटाने विंगेत उभं राहून श्वास आवरावा आणि मग प्रकाशात पाऊल टाकावं, तसे ते आत जात. समोर प्रेक्षक कोण, तर काचेच्या दाराच्या उबदार कपाटात, सदतीस अंशांवर, चपट्या ताटल्यांत वसलेल्या काही कोटी पेशी. ना टाळ्या, ना शिट्ट्या. तरी काका कपाट उघडताना रोज म्हणत, "आलो गं बायांनो, आलो! दम धरा."

कागदोपत्री ते प्रयोगशाळा सहायक होते. 'वाढपी' हे नाव त्यांनी सोबत आणलेलं. आधी अठरा वर्षं ते एका इस्पितळात रोग्यांना जेवण पोचवत. एका हातावर तीन ताटं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि दार उघडायला कोपर! या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस त्या इस्पितळात पडून होत्या. या माणसाच्या हातून कधी एक थेंब सांडत नाही, हे त्यांनी बिछान्यावरून टिपलं. घरी जायच्या दिवशी म्हणाल्या, "माझ्याकडे येता का कामाला? माझे रोगी बोलत नाहीत, पण जेवण मात्र त्यांना वेळेवर लागतं."

काका आले, आणि अकरा वर्षं झाली. पेशींचं जेवण म्हणजे एक गुलाबी रस. त्यात मीठ, साखर आणि आणखी काय काय असतं. पण त्याचा खरा जीव म्हणजे सीरम. रक्त गोठल्यावर वर जे मधाच्या रंगाचं पाणी सुटतं, ते. काका त्याला 'साजूक' म्हणत. रस गुलाबी असला की पोरी तृप्त, नारिंगी झाला की भुकेल्या, आणि पिवळा पडला की कुणीतरी कामात कुचराई केली. काकांच्या राज्यात अकरा वर्षांत एकही ताटली पिवळी पडली नव्हती, एकीलाही बुरशी लागली नव्हती. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक बाईंच्या खणात, दुसरी काकांच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली.

"किल्ली काढून आंघोळ तरी करता का हो?" बायको विचारायची.

"किल्लीचीही होते की त्यात आंघोळ," काका म्हणायचे.

आता या गोष्टीतली दुसरी व्यक्ती. संशोधन करणारी एक मुलगी. तिला सगळी प्रयोगशाळा 'घाई' म्हणायची, कारण जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या ती आयुष्यात कधी उतरली नाही, उडीच मारली. बोलताना वाक्याचं शेपूट ती दाराबाहेर जाऊन पूर्ण करायची. तीन वर्षं खपून तिने एक नवा रेणू तयार केला होता. त्याचं पुढेमागे औषध होईल की नाही, हा दूरचा प्रश्न. आधी एवढंच कळायला हवं होतं, की हा रेणू पेशीच्या दारावरची एक ठरावीक कडी वाजवतो की नाही.

आणि तेच कळत नव्हतं. सहा आठवडे ती दर आठवड्याला प्रयोग करत होती. पेशींत आधी एक रंग भरायचा; आतलं कॅल्शियम सुटलं की तो हिरवा चमकतो. मग आपल्या रेणूचा थेंब सोडायचा. कडी वाजली असेल तर ताटली उजळायला हवी. पण ताटलीत सगळा सावळागोंधळ. काही पेशी थेंब पडण्याआधीच आपणहून लुकलुकत, बाकीच्या थेंब पडला तरी ढिम्म. रेणू घाला नाहीतर नुसतं पाणी घाला, आकडे सारखेच.

मोठ्या बाईंनी शेवटी तारीख दिली. येत्या शुक्रवारी दुपारी बाराला बैठक. तोवर उत्तर नसेल तर हा विषय बंद, घाईने नवा विषय घ्यायचा. म्हणजे तीन वर्षांची मेहनत खणात, आणि पुन्हा श्रीगणेशा.

हे सगळं काकांना चहाच्या टेबलावर कळलं, मंगळवारी. ते कोटाचं सुटलेलं बटण लावत बसले होते. बायको शिवणकाम करणारी, तरी स्वतःचं बटण स्वतः लावायचं हा त्यांचा बाणा. घाई समोर येऊन बसली, नाक लाल.

"डॉक्टरीणबाई, पदवी मिळायच्या आधीच सर्दी?" काका म्हणाले.

"सर्दी नाही काका, रडले." आणि तिने सगळं सांगितलं.

"पण ही कडी कडी म्हणतेस, ती असते तरी कशी? अकरा वर्षं या बायांना जेवू घालतोय, त्यांच्या घराला कडी आहे हे मला कुणी सांगितलं नाही."

झालं. घाईला प्रश्न विचारणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक काढणं. तिने काकांच्या हातून सुई ओढून घेतली, सुईत लाल धागा ओवला आणि कोटाची बाही टेबलावर पसरली.

"हे कापड म्हणजे पेशीची कातडी. तेलाची असते, दोनपदरी. बाहेरून आलेल्या बहुतेक निरोप्यांना आत शिरताच येत नाही. मग निरोप आत जातो कसा?"

"खिडकीतून."

"खिडकी नाही."

"मग ते घर आहे का तिजोरी?"

"बघा तर! हा धागा म्हणजे एक लांबलचक प्रथिन. ते कातडीत असं शिवलेलं असतं." ती कापडात सुई घालू लागली, वरून खाली, खालून वर. "एक, दोन, तीन... सात. सात वेळा आरपार. एक टोक अंगणात, एक टोक घरात. याला म्हणायचं रिसेप्टर. निरोप्या अंगणातल्या बाजूला येऊन बिलगला की हे सगळे टाके जरासे सरकतात." तिने वरचा धागा बोटाने ओढला. कापडाखाली लोंबणारं टोक हललं. "हललं ना? निरोप्या बाहेरच, पण घरात हललं!"

काकांनी बाही उलटी करून पाहिली. त्यांना हा प्रयोग फार आवडला.

"आणि आत, दाराशी टेकून बसलेलं असतं 'जी-प्रोटीन' नावाचं प्रथिन. तीन भावंडं समजा, एकमेकांवर रेलून पेंगलेली. थोरल्याच्या मुठीत एक जुनी चिठ्ठी, तिचं नाव जीडीपी. दार हललं की थोरला दचकून जागा होतो, जुनी चिठ्ठी टाकतो आणि नवी उचलतो, जीटीपी. ती हातात आली की भावंडांची फाटाफूट! धाकटी दोघं जोडीनं एकीकडे, थोरला कातडीच्या आतल्या अंगानं दुसरीकडे. तो जाऊन एका विकराला ढोसतो, म्हणजे पेशीतल्या एका कामकऱ्याला. तो कामकरी एकाच ढोसण्यात शेकडो बारके निरोप सोडतो. ते जाऊन आतलं कोठार उघडतात, आणि कॅल्शियम भसाभसा बाहेर! घरभर एकच गलका, उठा, कामाला लागा!"

"एका कडीवर एवढा तमाशा? मग थांबवतं कोण?"

"थोरला स्वतःच. नव्या चिठ्ठीला तीन पाकळ्या असतात. जरा वेळाने तो एक पाकळी खुडून टाकतो, की झाली तिची जीडीपी. मग परत येऊन भावंडांत पेंगायला मोकळा."

"गुणाचं पोर आहे. नाहीतर आमच्याकडे एकदा उठलेला माणूस दिवसभर ओरडतच असतो."

घाई हसली. उठली, चहा उभ्यानेच संपवला आणि जिन्याकडे पळाली. जाता जाता वाक्याचं शेपूट ऐकू आलं, "आणि कुणी सारखीच कडी वाजवली ना, तर पेशी कडीवर झाकणच घालते, आत ओढून घेते..." मग तीन पायऱ्यांची उडी.

काकांनी बटण लावलं. लाल टाके तसेच ठेवले.

आता काकांचं एक गुपित सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

घाईच्या प्रयोगाच्या आदल्या दुपारी कपाटावर एक चिठ्ठी लागायची: 'उद्याच्या ताटल्या उपाशी ठेवणे.' ती स्वतःच चार वाजता येऊन त्या सहा ताटल्यांतला रस काढायची आणि सीरम नसलेला रस घालायची. बाकी प्रयोगशाळेत सगळे पेशी वाढवणारेच. उपाशी ठेवण्याचा उद्योग तिच्याआधी इथे कुणी केला नव्हता. काका साडेपाचला खोली बंद करायला येत आणि ती चिठ्ठी पाहिली की त्यांचा हात किल्लीवरच थांबे.

इस्पितळात अशीच एक पाटी असायची. शस्त्रक्रियेच्या रोग्याच्या पलंगाला अडकवलेली, 'उपाशी'. एका सोमवारी एका म्हाताऱ्या सुताराची शस्त्रक्रिया ऐनवेळी पुढे ढकलली, आणि पाटी काढायला सगळे विसरले. काका तीन वेळा ताट घेऊन त्याच्यासमोरून गेले. पाटी होती, मग कसं वाढणार? संध्याकाळी म्हातारा एवढंच म्हणाला, "बाबा, माझी काही चूक झाली का रे?" ते वाक्य काकांच्या मनातून गेलं नाही. आपल्या हाताखाली पुन्हा कुणी उपाशी राहणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं होतं.

म्हणून साडेपाचला ते त्या सहा ताटल्या बाहेर काढत. इकडेतिकडे बघत. आणि प्रत्येकीत, स्वच्छ पिपेटने, अगदी जपून, साजुकाचे दोन थेंब.

"कुणाला सांगू नका गं," ते कुजबुजत. रस गुलाबी तो गुलाबीच राहायचा. सांगणार कोण?

बुधवारी संध्याकाळी काका घरी पोचले तेव्हा बायको शिलाई मशीनवर वाकलेली होती आणि सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. न्हाणीघरात पाय घसरल्यापासून त्या लेकीकडेच होत्या. हाताशी एक पितळी घंटी ठेवलेली. काही लागलं तर वाजवा, म्हणून काकांनीच आणली होती. पण घंटी वाजवायची वेळच येत नसे. काका आले की दूध, दुधामागून बिस्किटं, बिस्किटांमागून फळांच्या फोडी, फोडी संपायच्या आत जेवणाचं ताट.

त्या दिवशीही काका फोडींची बशी घेऊन उभे राहिले.

"ठेवा खाली," सासूबाई म्हणाल्या.

"दोनच घ्या, आई."

"जावईबापू, आज स्पष्टच बोलते. तीन आठवडे झाले, मला भूक कशी असते ते आठवत नाही. तुम्ही लागू द्याल तेव्हा ना! सारखं आपलं हे घ्या, ते घ्या. आता तुम्ही पक्वान्न आणलंत काय आणि पुठ्ठा आणलात काय, माझ्या जिभेला दोन्ही सारखंच. ही घंटी उशाशी ठेवलीत, पण मी वाजवायची कधी? एक वेळ मला उपाशी राहू द्या. मग बघा, कशी खणखणीत वाजवते!"

मशीन थांबली. बायको हसू दाबत म्हणाली, "आईचं बरोबर आहे हो. तुम्ही वाढता कमी, माणूस बुजवता जास्त."

काका मात्र हसले नाहीत. बशी हातात तशीच. रेणू घाला नाहीतर पाणी घाला, आकडे सारखेच. पक्वान्न काय नि पुठ्ठा काय. आणि जिन्यावरून आलेलं ते वाक्याचं शेपूट: सारखीच कडी वाजवली तर पेशी कडीवर झाकण घालते.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "त्या साजुकात नुसतं जेवण असतं का निरोपही असतात, हे मी कधी विचारलंच नाही गं."

"कोणत्या साजुकात?"

काका स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"मग उद्या जाऊन सांगा."

"किल्ली जाईल. अकरा वर्षांची अब्रू आहे."

"किल्ली तुमची जाईल, त्या पोरीची तीन वर्षं जातील. वजन तुम्हीच करा." मग तिची नजर बाहीवर गेली. "आणि हे सात टाके कुणी घातले? आंधळ्यानं?"

"ते पेशीचं दार आहे," काका म्हणाले. त्यांचं ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी घाईला जिन्यातच गाठलं. तिच्या हातात विषय बदलण्याचा अर्ज होता.

"तो कागद जरा थांबव. तुझ्या पेशी उपाशी नव्हत्या."

"म्हणजे?"

"मी रोज... म्हणजे तुझ्या प्रत्येक प्रयोगाच्या आदल्या दिवशी... दोन थेंब सीरम घालत होतो. दया आली म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा घाई पायरीवर स्थिर उभी राहिली. चेहरा आधी पांढरा, मग लाल.

"सहा आठवडे, काका? सहा आठवडे मी स्वतःला मूर्ख समजतेय! माझा रेणू खोटा, माझे हात खोटे, मी खोटी! सीरममध्ये काय असतं माहितीये? शंभर तऱ्हेचे निरोपे! सगळे मिळून रातभर कड्या वाजवत होते, आणि सकाळी मी जाऊन विचारतेय, माझी कडी ऐकू आली का? कशी येणार? त्यांचे कान किटले होते!" तिचा आवाज फाटला. "मी तुम्हाला काका म्हणते हो."

काकांनी मान खाली घातली. सबब एकही सांगितली नाही. म्हाताऱ्या सुताराचीसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "चल बाईंकडे."

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "किल्ली."

काकांनी गळ्यातून दोरा काढला. अकरा वर्षांचा घासून घासून गुळगुळीत झालेला पितळेचा तुकडा टेबलावर टेकला तेव्हा कसला बारीक आवाज झाला! पण काकांना तो पडदा कोसळल्यासारखा ऐकू आला.

"आणि तू," बाई घाईकडे वळल्या. "चिठ्ठीवर 'उपाशी ठेवणे' लिहिलंस. का ठेवायचं, ते कधी सांगितलंस? जो माणूस या पेशींशी रोज बोलतो, त्याला एक ओळ समजावायला तुला वेळ नव्हता?"

हे घाईच्या वर्मी बसलं.

"उद्या बारापर्यंत वेळ आहे. ताटल्या आहेत का?"

"सहा आहेत, बाई," उत्तर काकांनी दिलं. "गुटगुटीत. दुपारी चारला रस बदलला तर सकाळपर्यंत कडकडीत उपास होईल."

त्या दिवशी साडेपाचला खोली घाईने बंद केली. काका बाहेर व्हरांड्यात उभे, दोन्ही हात खिशात घट्ट. काचेतून कपाट दिसत होतं.

"सहन करा गं बायांनो," ते पुटपुटले. "एकच दिवस."

"काका," घाई किल्ली फिरवत म्हणाली, राग अजून पुरता गेला नव्हता, "काचेतून भरवू नका."

शुक्रवारी सकाळी साडेनऊ. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत काळे पडदे ओढलेले. घाई खुर्चीवर, बाई तिच्या मागे, आणि दाराशी काका. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. पडद्यावर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, गडद काळोख; नीट पाहिलं तर पेशींच्या पुसट राखाडी कडा. एकही आपणहून लुकलुकत नव्हती. तिसरी घंटा झाल्यावर नाट्यगृहात जी शांतता पसरते ना, अगदी तीच.

"आधी नुसतं पाणी," घाई म्हणाली. थेंब पडला. काहीच नाही.

"आता माझा." पिपेटचं टोक ताटलीच्या कडेला खटकलं. एकदा. पुन्हा एकदा.

तिने मागे पाहिलं. बाईंकडे नाही, दाराकडे.

"काका, तुमच्या हातून सांडत नाही ना?"

काका पुढे झाले. बाहीवरचे सात लाल टाके दिव्याच्या कडेला क्षणभर दिसले. त्यांनी पिपेट घेतली, श्वास आवरला आणि थेंब सोडला.

एक क्षण गेला. दुसरा. तिसऱ्याला कोपऱ्यातली एक पेशी हिरवी झाली. मग तिच्या शेजारची, मग पाच, मग पन्नास, आणि बघता बघता सगळी ताटली अशी उजळली, की एखाद्या मोठ्या नाटकाच्या शेवटी सगळे दिवे एकदम लागावेत. हिरवा उजेड तिघांच्या तोंडावर आला. मग तो हळूहळू ओसरला.

"थोरल्याने पाकळी खुडली!" काका ओरडले.

मोठ्या बाईंनी काकांकडे असं पाहिलं, जणू खुर्ची बोलली. घाई हसत होती, रडत होती, आणि दोन्हींची तिला घाई होती. उरलेल्या पाचही ताटल्यांनी तोच खेळ केला. पाण्याला ढिम्म, रेणूला दिवाणखाना लख्ख.

"एका दिवसाने काही सिद्ध होत नाही," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "पुन्हा तीनदा करून दाखव. विषय चालू. बैठकीत मी बोलते." दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या, कोटाच्या खिशात हात घातला आणि काकांपुढे मूठ उघडली. तळव्यावर किल्ली.

"पुन्हा दया आली तर?"

"तर आधी विचारीन, बाई. दयेचंही सूत्र विचारून घेईन."

"आणि मी सांगीन," घाई म्हणाली. "थांबून."

पुढच्या आठवड्यात कपाटावर नवी चिठ्ठी लागली. अक्षर घाईचं, पूर्ण सहा ओळींचं. उपाशी का, किती वेळ, आणि उपास सुटल्यावर काय. खाली काकांनी आपल्या गोल अक्षरात एक ओळ जोडली: 'यांची काही चूक नाही. उद्या दुपारी भरपूर मिळेल.'

शुक्रवारच्या त्या संध्याकाळी मात्र काका घरी आले आणि स्वयंपाकघरात न जाता खुर्चीत बसून राहिले. बायको मशीनवरून तिरक्या नजरेने पाहत होती. ती बाही उसवून द्या, नीट शिवते, असं तिने दोनदा म्हटलं. काकांनी कोटच मागे लपवला. अर्धा तास गेला. पाऊण तास. काकांचे पाय आपोआप उठू बघत, आणि ते हातांनी गुडघे दाबून धरत.

आणि आतल्या खोलीतून घंटी वाजली. खणखणीत. एकदा, दोनदा, पाचदा.

"अहो जावईबापू! भुकेनं जीव चाललाय! घरात कुणी आहे की नाही?"

काकांनी एका हातावर तीन ताटं तोलली, कोपराने दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं.

"आलो, आई, आलो! पण एकदाच वाजवायची असते. सारखी वाजवली तर आम्ही कडीवर झाकण घालतो."

"घाला खुशाल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. "आज चव आहे हो. रोज असंच का नाही करत?"